कासेतील जीवाणू आणि गोठ्याचा बंदोबस्त

गाईच्या एखाद्या सडातून धारेबरोबर गुठळ्या पडू लागल्या, कासेचा एक भाग हाताला तापलेला आणि कठीण लागू लागला, की आपल्याकडील पशुपालक ‘दगडी झाली’ एवढे निदान स्वतःच करून औषधाच्या दुकानाची वाट धरतो आणि शेजाऱ्याच्या गाईला जी नळी लागू पडली होती तीच मागून आणून आपल्या गाईच्या सडात सोडतो. गुण आला तर त्या नळीचा लौकिक गावभर होतो. गुण आला नाही तर दुसरी नळी, मग तिसरी, आणि या खटाटोपात पंधरवडा उलटला की तो सड कायमचा बाद झालेला असतो. या रीतीतील मूळ दोष असा की, कासेचा दाह हा एकच एक रोग आहे आणि त्यावर कोठेतरी एकच एक इलाज आहे असे तीत गृहीत धरलेले असते. वस्तुतः कासेत शिरून दाह उत्पन्न करणारे जीवाणू अनेक जातींचे आहेत, त्यांचे वास्तव्य भिन्न, कासेत शिरण्याची वाट भिन्न आणि औषधाला दाद देण्याचा त्यांचा स्वभावही भिन्न आहे. आपल्या गोठ्यात यांपैकी कोणाचा मुक्काम आहे हे ज्याने जाणून घेतले, त्याचा निम्मा खर्च वाचतो असे माझे स्पष्ट मत आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू ही जाण करून देणे हाच आहे.

जीवाणू कासेत शिरतात ते जवळजवळ नेहमी सडाच्या टोकातून. त्या टोकाशी असलेली नलिका जेमतेम एक सेंटीमीटर लांबीची असते. तिच्याभोवती आवळून बसणाऱ्या स्नायूचे कडे असते आणि आतून केराटिन नावाच्या मेणचट द्रव्याचे अस्तर असते. धार काढून झाल्यावर हे स्नायूचे कडे लगेच मिटत नाही. पूर्ववत आवळून बसण्यास त्यास अर्ध्या तासापासून कधीकधी दोन तासांपर्यंत अवधी लागतो, आणि तेवढ्या वेळात गाय शेणा-मुताच्या ओल्या जमिनीवर बसली म्हणजे उघड्या दारातून परक्याने घरात यावे तसे जीवाणू आत जातात. सबब, वैरण व आंबोण धारेच्या आधी उरकून टाकण्याऐवजी हिरवा चारा तरी धार झाल्यावर गव्हाणीत टाकावा, म्हणजे गाय तासभर खात उभी राहते. दमडीचाही खर्च नसलेला हा उपाय आहे, आणि तरीही गोठ्यागोठ्यांतून त्याचीच अधिक हयगय होते. म्हशीच्या सडाचे कडे गाईपेक्षा घट्ट असते व त्यामुळे तिला थोडे अधिक संरक्षण लाभते हे खरे. परंतु म्हशीला दगडी होतच नाही हा समज चुकीचा असून तो अनेक मुऱ्हा व पंढरपुरी म्हशींना बाधलेला आहे.

या जीवाणूंचे दोन मोठे वर्ग आहेत. पहिल्या वर्गातील जीवाणूंचे घर म्हणजे रोगी जनावराची कास व सडाची त्वचा. तेथून ते दुसऱ्या जनावराकडे जातात ते धारेच्या वेळी, धार काढणाऱ्याच्या हातांवरून, पुसण्याच्या फडक्यावरून किंवा यंत्राच्या रबरी नळकांड्यांवरून. यांना संसर्गजन्य म्हणतात. दुसऱ्या वर्गाचे घर म्हणजे शेण, चिखल, ओला भुसा आणि साचलेले पाणी. हे दोन धारांच्या मधल्या वेळात येतात आणि यांना परिसरजन्य म्हणतात. पहिल्या वर्गाचा बंदोबस्त हातांच्या स्वच्छतेने होतो, तर दुसऱ्याचा जमिनीच्या. ज्याच्या गोठ्यात पहिला वर्ग ठाण मांडून आहे त्याने फरशी कितीही धुतली तरी रोग हटत नाही, आणि ज्याच्या गोठ्यात दुसरा वर्ग आहे त्याने हात कितीही धुतले तरी पावसाळ्यात नवी गाय आजारी पडतच राहते.

संसर्गजन्य वर्गात प्रथम उल्लेख करावयाचा तो स्ट्रेप्टोकॉकस अगॅलॅक्टिए या साखळीसारख्या जुळलेल्या गोल जीवाणूचा. फ्रान्समधील नोकार आणि मोलेरो या दोघा संशोधकांनी १८८७ साली दुभत्या गाईंमधील सांसर्गिक कासदाहाचे वर्णन करताना ज्या साखळीजीवाणूकडे बोट दाखवले तो हाच. कासेबाहेर त्याचा फार काळ टिकाव लागत नाही, आणि पेनिसिलिनच्या वर्गातील औषधांना तो आजही उत्तम दाद देतो. म्हणून तपासणीत तो आढळला तर खरे म्हणजे समाधान मानावे. कारण गोठ्यातील सर्व बाधित गाई एकाच वेळी शोधून, पशुवैद्याच्या देखरेखीखाली एकदम उपचार करून, बाहेरून नवी बाधित गाय येऊ दिली नाही, तर हा जीवाणू त्या गोठ्यातून समूळ नाहीसा करता येतो.

त्याच वर्गातील स्टॅफिलोकॉकस ऑरियस याचा मामला मात्र निराळा आहे, आणि आपल्याकडील गोठ्यांतून वरचेवर सापडणारा हा जीवाणू असल्यामुळे त्याच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे. माणसाच्या गळवांतील पुवात ज्याला स्कॉटलंडमधील शल्यवैद्य ऑग्स्टन यांनी १८८० च्या सुमारास ओळखले, त्याच कुळातील हा जीवाणू आहे. तो कासेच्या ऊतीत खोल शिरतो, तेथे बारीक गळवे निर्माण करतो, त्यांच्याभोवती तंतुमय आवरण तयार होते आणि त्या आवरणापलीकडे औषध पुरेशा प्रमाणात पोहोचत नाही. शरीराच्या ज्या पेशींनी त्याला गिळून मारावयाचे त्याच पेशींच्या आत तो जिवंत दडून राहू शकतो, आणि त्याच्या अनेक वाणांजवळ पेनिसिलिन निकामी करणारे विकरही असते. बाधित सडातून तो दररोज सारख्या प्रमाणात बाहेर पडत नाही. त्यामुळे एका तपासणीत तो दिसला नाही एवढ्यावरून गाय निर्दोष असल्याचा दाखला देता येत नाही. पहिल्या वेताची गाय असेल, एकच सड बाधलेला असेल आणि बाधा ताजी असेल, तर उपचाराचा उपयोग होण्याची आशा बरी असते. पाच-सहा वेतांची गाय, दोन-तीन सड बाधलेले, कासेत हाताला गाठी लागत आहेत, अशा स्थितीत नळ्यांवर पैसा ओतणे म्हणजे नुकसानीत भर घालणे होय. अशी गाय सर्वांच्या शेवटी पिळावी, तिची दावण वेगळी ठेवावी आणि पुढचा निर्णय पशुवैद्याच्या सल्ल्याने घ्यावा. ती न सांगता दुसऱ्याच्या गोठ्यात विकणे मात्र सर्वथा गैर आहे.

या जीवाणूचा मनुष्याशी असलेला संबंधही सांगितला पाहिजे. त्याचे काही वाण दुधात विष सोडतात, आणि ते विष उष्णतेला दाद देत नाही. दूध उकळल्याने जीवाणू मरतो, परंतु तापवण्यापूर्वी दूध तासन्‌तास उन्हा-उकाड्यात राहून त्यात विष आधीच तयार झालेले असेल तर ते तसेच राहते व पिणाऱ्यास उलट्या आणि पोटदुखी होते. गुठळ्यांचे दूध उकळून घरात वापरण्याची जी काटकसर काही कुटुंबांत चालते ती म्हणून घातक आहे. तेच दूध कालवडीला पाजणेही टाळावे.

आता धार काढण्याच्या वहिवाटीकडे वळू. अंगठा दुमडून त्याच्या सांध्यावर सड दाबण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आढळते. तिने धार जोमाने येते असे वाटते, पण सडाच्या आतील नाजूक अस्तराला रोज दोन वेळा इजा होते आणि त्या इजेच्या जागी जीवाणूस आयताच आश्रय मिळतो. पाचही बोटांनी पूर्ण मुठीत सड धरून वरून खाली क्रमाने दाबणे हीच निर्दोष पद्धत होय. बोटे दुधात भिजवून सड ओले करण्याची सवयही सोडून द्यावी, कारण एका गाईचे दूध त्या बोटांवरून दुसरीच्या सडावर जाते. कासेवर तांब्याने भरपूर पाणी ओतून ती न पुसता धार काढावयास बसणे हे तर न धुण्याहूनही वाईट, कारण सगळ्या कासेवरची घाण घेऊन ते पाणी सडांच्या टोकांवरून चरवीत ठिबकते. सड तेवढेच धुवावेत आणि प्रत्येक गाईस स्वतंत्र, उकळून उन्हात वाळवलेल्या फडक्याने कोरडे पुसावेत. एकच फडके खांद्यावर टाकून साऱ्या दावणीतून फिरणारा गडी रोग वाटीत फिरतो.

धार काढण्याचा क्रमही ठरवून ठेवावा. पहिल्या वेताच्या गाई आधी, नंतर मोठ्या निरोगी गाई, त्यानंतर ज्यांच्याविषयी संशय आहे त्या, आणि आजारी गाय सर्वांच्या शेवटी, वेगळ्या भांड्यात. प्रत्येक गाईनंतर हात साबणाने धुवावेत. दुधाची पहिली दोन-तीन पिळणी जमिनीवर न सोडता काळे फडके ताणून बांधलेल्या वाटीत घ्यावीत. पांढऱ्या दुधातील बारीक कण काळ्या कापडावर तत्काळ उठून दिसतात, आणि एरवी चार दिवसांनी लक्षात यावयाचा रोग पहिल्याच दिवशी सापडतो. धार संपताच प्रत्येक सड अर्धा टक्का आयोडीनच्या, ग्लिसरीन मिसळलेल्या द्रावणात बुडवावा. वाटीत उरलेले मळके द्रावण परत बाटलीत ओतू नये. वासराला शेवटी सोडण्याची रीत असेल तर वासरू बाजूला केल्यानंतर सड बुडवावेत. इंग्लंडातील रेडिंगजवळच्या राष्ट्रीय दुग्धसंशोधन संस्थेत १९६० नंतरच्या दशकात जे मोठे प्रयोग झाले त्यांत या साध्या उपायाने नव्या बाधा सुमारे निम्म्यावर आल्याचे दिसून आले, आणि सड बुडवणे, रोग दिसताच उपचार, आटवताना औषध, जुनाट रोगी गाय कमी करणे व दूधयंत्राची निगा ही जी पंचसूत्री पुढे जगभर मान्य झाली ती त्याच प्रयोगांतून निघाली. ज्यांच्याकडे दूधयंत्र आहे त्यांनी रबरी नळकांडी चिरा पडण्याची वाट न पाहता उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत बदलावीत, एवढेच येथे सांगतो.

परिसरजन्य वर्गाचा अग्रणी म्हणजे ई. कोलाय. जनावराच्या आतड्यात आणि शेणात हा सदैव असतोच. त्याला गोठ्यातून हद्दपार करता येत नाही, केवळ सडाच्या टोकापासून दूर ठेवता येते. अनुकूल स्थितीत तो वीस मिनिटांच्या सुमारास दुप्पट होतो, यावरून संध्याकाळी धडधाकट असलेली गाय पहाटे उठेनाशी का होते याचा उलगडा व्हावा. व्याल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, जेव्हा भरपूर दूध देणाऱ्या संकरित गाईची प्रतिकारशक्ती मंदावलेली असते, तेव्हा याचा आघात विशेष तीव्र होतो. गाय वैरण सोडते, रवंथ थांबतो, ताप १०४ ते १०६ अंश फॅरेनहाइटपर्यंत चढतो, कान गार पडतात, आणि बाधित सडातून दुधाऐवजी पिवळसर पाणी व त्यात तरंगणारे पापुद्रे येतात. पुढे ताप उतरून अंग थंड पडू लागले तर ते सुधारणेचे लक्षण समजू नये. ते अधिक गंभीर आहे. या अवस्थेस कारणीभूत असते ते जीवाणूंच्या आवरणातून सुटणारे विष. मालकाच्या ध्यानात रोग येईपर्यंत पुष्कळ वेळा जीवाणूंची संख्या शरीरानेच कमी केलेली असते, पण विष रक्तात भिनलेले असते; म्हणून सडात सोडलेली नळी एकटी अशा गाईस वाचवू शकत नाही. शिरेतून द्रव देणे, दाहशामक औषध देणे आणि कास वरचेवर मोकळी करणे याला तेथे महत्त्व आहे. हे काम पशुवैद्याचेच असल्यामुळे सकाळ होण्याची वाट न पाहता त्यांना इतल्ला द्यावी. १९६२ हा शासनाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक गोठ्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

क्लेब्सिएला हा याचाच भाऊबंद, आणि लाकडाच्या ओल्या भुशात तो विशेष माजतो. वखारीतला भुसा स्वस्त मिळतो म्हणून अंथरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. स्ट्रेप्टोकॉकस युबेरिस काडाच्या व पाचटाच्या ओल्या अंथरुणात वाढतो, आणि गाय भाकड असतानाही कासेत शिरतो. मुक्त संचार गोठ्यात हे सारे आपोआप टळते अशी समजूत अलीकडे पसरली आहे. मोकळी जागा गाईला हितकर आहे यात शंका नाही. परंतु पाण्याच्या टाकीभोवतालचा दलदलीचा पट्टा आणि झाडाखालची कायम ओली राहणारी बसण्याची जागा तशीच ठेवली, तर गाई नेमक्या तेथेच बसतात. अशा जागी मुरूम टाकून उतार द्यावा, शेण दोन वेळा उचलावे आणि बसण्याच्या जागेवर चुन्याची भुकटी भुरभुरावी. चुन्याचा परिणाम एक-दोन दिवसच टिकतो, म्हणून तो पुनःपुन्हा टाकावा लागतो. रबरी चटई असेल तर ती उचलून खालचे साचलेले मूत्र धुवावे.

याशिवाय माशांच्या मोसमात भाकड गाईंना व कालवडींना ट्रुपेरेला पायोजेनिस हा दुर्गंधी पू करणारा जीवाणू बाधतो, आणि त्यातून सड क्वचितच वाचतो. मायकोप्लाझ्मा बोविस याला पेशीभित्तीच नसल्यामुळे पेनिसिलिन त्याच्यावर चालत नाही. एकामागून एक सड बिघडत आहे, गाय मात्र खातपीत आहे, असे दिसले तर त्याचा संशय धरावा. स्यूडोमोनास दूषित पाण्यातून येतो.

या सर्वांपेक्षा अधिक नुकसान करणारा प्रकार मात्र डोळ्यांना दिसतच नाही. दूध पांढरे, कास मऊ, गाय आनंदात, आणि तरीही एका सडात दाह चालू आहे, अशी सुप्त अवस्था उघड रोगापेक्षा कितीतरी अधिक गाईंत असते. निरोगी कासेच्या एक मिलिलिटर दुधात शरीरपेशींची संख्या साधारणतः एक लाखाच्या आत असते. ती दोन लाखांवर गेली की जीवाणूंची बाधा गृहीत धरावी. युरोपीय संघात चार लाखांवरचे दूध स्वीकारार्ह मानत नाहीत. आपल्याकडे संकलन केंद्रावर पेशी मोजल्या जात नाहीत म्हणून नुकसान दिसत नाही, एवढेच. पण दाहाने दुधातील शर्करा घटते, क्षार वाढून चव खारट होते, आणि खुराकात बदल नसताना डिग्री कमी लागू लागते. तेव्हा केंद्रचालकाशी हुज्जत घालण्यापूर्वी गाईंचे सड तपासावेत. १९५७ साली शाम आणि नूरलँडर यांनी प्रसिद्ध केलेली कॅलिफोर्निया चाचणी याकरिता सोयीची आहे: चार वाट्यांच्या पसरट तबकात चारही सडांचे थोडे थोडे दूध वेगवेगळे घ्यावे, तितकेच द्रावण घालावे आणि तबक गोल फिरवावे, बाधित सडाचे दूध काही सेकंदांत घट्ट, चिकट होते. द्रावण मिळाले नाही तर कपडे धुण्याच्या पावडरीचे सुमारे तीन टक्क्यांचे द्रावण याच तत्त्वावर काम देते. महिन्यातून एकदा ही तपासणी करून गाईवार नोंद ठेवावी.

चाचणीने बाधित सड कळतो. जीवाणू कळत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत गेला पाहिजे, आणि तो औषध देण्यापूर्वी घेतला पाहिजे. सड धुऊन पूर्ण कोरडा करावा, पहिली तीन-चार पिळणी टाकून द्यावीत, मग स्पिरिटात भिजवलेल्या कापसाने सडाचे टोक बोळा मळेनासा होईपर्यंत पुसावे. पुसताना आपल्यापासून दूरचे दोन सड आधी आणि जवळचे नंतर पुसावेत, नमुना घेताना मात्र जवळचे आधी व दूरचे नंतर, म्हणजे पुसलेल्या सडास बाही घासत नाही. निर्जंतुक बाटली आडवी धरावी, झाकण आतल्या बाजूने कशालाही टेकू देऊ नये, चमचाभर दूध पुरे. बाटलीवर गाईचा क्रमांक, सड व तारीख लिहून ती बर्फात ठेवून त्याच दिवशी रवाना करावी. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत नमुना पाठवण्याची तजवीज होऊ शकते; पुण्यास औंध येथे पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, आणि परळ, शिरवळ, नागपूर आदी पशुवैद्यकीय महाविद्यालयेही आहेत.

औषधाविषयी दोन गोष्टी निक्षून सांगावयाच्या आहेत. सांगितलेली मात्रा पूर्ण करावी. दुसऱ्या दिवशी दूध स्वच्छ दिसले म्हणून तिसरी नळी राखून ठेवणाऱ्याच्या गोठ्यात औषधाला न जुमानणारे जीवाणू शिल्लक राहतात. आणि वेष्टनावर लिहिलेल्या मुदतीपर्यंत चारही सडांचे दूध संकलनात घालू नये. एका सडात सोडलेले औषध रक्तावाटे इतर सडांतही उतरते. असे दूध मिसळले की दही विरजत नाही, आणि ज्यांना पेनिसिलिन सोसत नाही अशा पिणाऱ्याला अपाय होऊ शकतो. नळी सोडण्याआधी सडाचे टोक स्पिरिटाने पुसावे आणि नळीचे टोक केवळ किंचित आत घालावे, कारण अस्वच्छ हाताने दिलेली नळी कासेत नवे जीवाणू किंवा किण्वबुरशी नेऊन सोडते.

जुनाट बाधा घालवण्याची उत्तम संधी गाय आटवताना मिळते. व्यायला सुमारे साठ दिवस राहिले असता, शेवटची धार पूर्ण काढून, दीर्घकाळ टिकणारे औषध त्यावेळी प्रत्येक बाधित सडात सोडले तर दुभत्या काळातील उपचारापेक्षा त्याचा गुण अधिक येतो, आणि दूध फेकावेही लागत नाही. निरोगी सडांत ते सरसकट सोडावे की नाही हे मात्र तपासणी पाहून पशुवैद्याने ठरवावे. भाकड काळात गाय गोठ्याच्या अडगळीच्या ओल्या कोपऱ्यात बांधण्याची पद्धत बंद करावी, कारण आटवल्यानंतरचे पहिले दोन आठवडे आणि व्यायच्या आधीचे दोन आठवडे नव्या बाधेस सर्वांत अनुकूल असतात.

पुष्कळ घरांत धार स्त्रिया काढतात आणि पशुवैद्याशी बोलतो पुरुष. सडाला पहिली गाठ जिच्या बोटांना लागली तिचे म्हणणे डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाही. डॉक्टर आले असता धार काढणाऱ्या व्यक्तीस अवश्य पुढे बोलवावे. येत्या महिन्या-दीड महिन्यात ज्यांच्या गाई आटवावयाच्या आहेत त्यांनी या आठवड्यातच दुधाचे नमुने पाठवावेत, आणि काळ्या फडक्याची वाटी उद्याच्या सकाळच्या धारेपासून सुरू करावी, अशी माझी वाचकांस आग्रहाची विनंती आहे.